गुगलवर पत कशी कमवावी : हापूसच्या एका वेबसाइटवरून

देवगड तालुक्यात माझ्या मामेभावाची हापूसची बाग आहे. दलालाच्या तावडीतून सुटून आंबा थेट गिऱ्हाइकाला विकायचा म्हणून त्याने वेबसाइट काढली आणि 'पहिल्या पानावर आणून देतो' म्हणणाऱ्या एका एजन्सीला दरमहा ८ हजार रुपये द्यायला लागला. मोसम सरला तरी साइटवरून आलेल्या ऑर्डरी बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. मे अखेरीस मी गावी गेलो तर तो म्हणाला, "वायच बघ रे दादा, गुगलार बागेचा नाव घातला तरी आमची साइट गावना नाय."

कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. वर्डप्रेस या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जच्या 'रीडिंग' भागात एक छोटा चौकोन असतो. सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये, असं सांगणारा. साइट बांधताना त्यावर खूण करतात आणि काम झालं की काढतात. इथे ती काढायचीच राहिली होती. दुकानाला बाहेरून कुलूप, आत दिव्यांची आरास, आणि आरास करणाऱ्याची दरमहा बिलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. आंब्याच्या जागी तुमचा होमस्टे, क्लास किंवा पापडांचा उद्योग घालून वाचा. क्रम फारसा बदलत नाही. आणि 'पायरी' हा शब्द मी जिन्याच्या अर्थाने वापरतोय, आंब्याच्या नव्हे.

गुगलला आंब्याची चव कळत नाही

गुगलची कामं तीन. त्याचे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, साइटवर येऊन पानं वाचतात, वाचलेली पानं नोंदवहीत चढवतात, आणि कुणी काही शोधलं की त्यातली पानं क्रम लावून समोर मांडतात. क्रम लावण्याची जी युक्ती लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना काढली आणि जिच्यावर १९९८ मध्ये कंपनी उभी राहिली, ती आपल्या बाजारपेठांना मुळीच नवी नाही. तुमच्याबद्दल दुसरे कोण बोलतात, आणि त्या बोलणाऱ्यांची स्वतःची पत किती? एका साइटने दुसरीला दिलेली लिंक म्हणजे शिफारस. आज क्रम लावताना इतरही असंख्य गोष्टी बघितल्या जातात, पण मुळाशी हेच आहे.

गुगल आपल्या निकालांची तपासणी माणसांकडूनही करून घेतं. या तपासनिसांसाठी जी लांबलचक नियमावली आहे, तिच्यात त्यांना साफ सांगितलंय की साइट स्वतःबद्दल काय म्हणते तेवढ्यावर जाऊ नका, बाहेरचे लोक काय म्हणतात ते शोधा. त्यांच्या गुणांनी तुमच्या साइटचा क्रम थेट बदलत नाही. गुगलची गणितं बरोबर चालली आहेत का, एवढंच त्यावरून ताडलं जातं. पण वारा कुठल्या दिशेने आहे ते यातून कळतं. डिसेंबर २०२२ पासून या नियमावलीत कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हतेच्या जोडीला 'अनुभव' आला. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का? बागायतदारासाठी ही चांगलीच बातमी आहे. झाडावर चढलेला माणूस तोच असतो.

पायरी १ : चाव्या आपल्या खिशात

डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), गुगल सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल (ही दोन गुगलची साधनं, पुढे येतीलच), चारही गोष्टी तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या नावावर हव्यात. एजन्सीला काम करण्यापुरता प्रवेश द्या, मालकी नको. भावाचं डोमेन एजन्सीच्या खात्यात होतं आणि ते परत मिळवायला दोन महिने गेले. डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका. सुटलेली डोमेनं उचलून, त्यांच्या जुन्या पुण्याईवर जुगाराची पानं चढवणारे लोक टपलेले असतात. गुगलने मार्च २०२४ मध्ये हा प्रकार आपल्या स्पॅम धोरणात नाव घेऊन टाकला, तो उगाच नाही.

फुकट मिळालेली चोरीची थीम (साइटचं तयार रूप) किंवा प्लगइन (जादा सोयीचा तुकडा) लावू नका. त्यातून साइट हॅक होते आणि एक दिवस गुगलात तुमच्या नावाखाली जपानी भाषेतली शेकडो पानं दिसायला लागतात. हा इतका जुना रोग आहे की गुगलच्या मदतपानांवर त्याचं स्वतंत्र बारसं झालेलं आहे.

पायरी २ : दार उघडं आहे का

गुगलात 'साइट' हा शब्द इंग्रजीत, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, आणि जागा न सोडता आपलं डोमेन टाका. काहीच आलं नाही तर दार बंद आहे. मग सर्च कन्सोल उघडा. हे गुगलचं फुकट साधन आहे आणि पुढच्या सगळ्या कामात दुसरं काही नसलं तरी चालेल, हे हवंच. डोमेनची मालकी सिद्ध करा, साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, द्या (वर्डप्रेस तो आपोआप तयार करतं) आणि 'यूआरएल तपासणी'त मुख्य पानाचा पत्ता घालून गुगलला ते कसं दिसतंय ते बघा.

एक गैरसमज इथेच मिटवतो. 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' ही फाइल बॉटला 'आत येऊ नकोस' म्हणते. 'नोंद करू नकोस' म्हणत नाही. दुसऱ्या कुणी त्या पानाला लिंक दिली असेल तर ते न वाचताही गुगलच्या निकालात येऊ शकतं. नोंदच नको असेल तर पानाच्या कोडमध्ये 'नोइंडेक्स' ही खूण लावायची, आणि ती वाचता यावी म्हणून बॉटला आत येऊ द्यायचं. दोन्ही एकदम लावणारे हुशार लोक मी पाहिले आहेत.

पायरी ३ : व्हॉट्सॲप वाचा

कीवर्ड, म्हणजे लोक ज्या शब्दांनी शोधतात ते, हुडकायची महागडी साधनं विकत घेण्याआधी आम्ही मागच्या दोन मोसमांचे व्हॉट्सॲप संदेश वाचले. गिऱ्हाईक जे विचारतं तेच तो गुगललाही विचारतो, फक्त गुगलला 'नमस्कार दादा' म्हणत नाही. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच होते. पाच डझनाची पेटी केवढ्याला? पुण्यात कधी पोचेल? हा खरा देवगडचाच कशावरून? कर्नाटकचा कसा ओळखायचा? कार्बाइड वापरता का? आंबा कच्चा आलाय, पिकवायचा कसा? कापल्यावर आत पांढरं निघालं, ते काय?

मग हेच प्रश्न गुगलात अर्धे टाइप करून खाली कुठल्या सूचना येतात ते पाहिलं, आणि निकालातल्या 'लोक हेही विचारतात' या चौकटीतले प्रश्न उतरवून घेतले. एवढ्यात वर्षभराचं काम हाती आलं.

एक गिऱ्हाईक आम्हाला आधी सुचलंच नव्हतं. न्यू जर्सीत किंवा दुबईत असलेला मुलगा, जो कोथरूडला राहणाऱ्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो. तो इंग्रजीत शोधतो, परदेशी कार्डाने पैसे देता येतील का विचारतो आणि पेटीबरोबर चिठ्ठी जाईल का तेही. त्याच्यासाठी वेगळं इंग्रजी पान केलं. अमेरिकेत आंबा पाठवायचं वचन मात्र त्यावर दिलं नाही. २००७ पासून तिकडे भारतीय आंबा जातो खरा, पण विकिरण प्रक्रिया करूनच. एकट्या बागायतदाराने कुरिअरने पाठवायची ती गोष्ट नव्हे.

पायरी ४ : एका प्रश्नाला एक पान

जुन्या साइटवर एजन्सीने यंत्राकडून लिहून घेतलेले चाळीसेक लेख होते. 'आंबा खाण्याचे १० फायदे', 'उन्हाळ्यात आंबा का खावा', अशी सगळी जात. ते आम्ही काढून टाकले. यंत्राने लिहिलं म्हणून गुगल शिक्षा करत नाही. क्रम वर चढवायच्या हेतूने ढिगाने पाडलेल्या निरुपयोगी मजकुराला करतं, मग तो कुणीही लिहिलेला असो. आणि खरं सांगायचं तर ते वाचून भावालाच हसू आलं. त्यातला एक लेख हापूस 'वर्षभर उपलब्ध' असल्याचं सांगत होता.

त्यांच्या जागी सात-आठच पानं लिहिली. सगळ्यात जास्त वेळ दिला तो साक्याच्या पानाला. साका म्हणजे हापूसचा जुना रोग. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून कुणालाही तो ओळखता येत नाही. विकणारे याबद्दल बोलत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. आम्ही कापलेल्या साक्याच्या फळाचा फोटोच पानावर टाकला. उष्णतेने तो वाढतो, झाडावर जास्त तयार झालेल्या फळात जास्त निघतो, म्हणून फळ चौदा आणे तयार असताना झेल्याने देठासकट उतरवतात, उतरवलेलं फळ तापलेल्या जमिनीवर ठेवत नाहीत. हे सगळं भावाने बोलून दाखवलं, मी लिहून काढलं. शेवटी एक ओळ: साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं भरून देऊ. या एका पानाने गुगलात जागा मिळवली आणि वाईट रिव्ह्यूसुद्धा कमी केले.

'खरा देवगड कसा ओळखावा' या पानावर पुरावे ठेवले. 'अल्फॉन्सो'ला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं आहे. नोंदणीकृत वापरकर्ता असल्याचं भावाचं प्रमाणपत्र आणि त्याचा क्रमांक, बागेतल्या त्याच कलमाचे मोहर, कैरी आणि तोडणीचे तारखेसहचे फोटो, पेटी भरतानाचा छोटा व्हिडिओ. इंटरनेटवरून उचललेला एकही फोटो नाही. दुसऱ्याच्या आंब्याचा फोटो लावून आपला आंबा अस्सल आहे म्हणणं हे कर्नाटकचं फळ देवगडच्या पेटीत भरण्यासारखंच.

मोसमी धंद्यात एक चूक जवळजवळ सगळे करतात. दरवर्षी नवं दरपत्रक, नवं पान, पत्त्यात साल. जुनं पान जूनमध्ये उडवलं जातं, आणि वर्षभरात त्याला मिळालेल्या लिंका आणि ओळख त्याच्याबरोबर वाहून जाते. दराचं पान एकच ठेवा, पत्त्यात साल घालू नका. मोसमात दर आठवड्याला आकडे बदला आणि 'या तारखेचा दर' असं स्पष्ट लिहा. पावसाळ्यात पान काढू नका; 'यंदाचा मोसम संपला, पुढची नोंदणी फेब्रुवारीत' असं लिहून तिथे फोन क्रमांक मागून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही.

प्रत्येक पानाच्या टायटलमध्ये (गुगलच्या निकालात दिसणाऱ्या ठळक ओळीत) लोक ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द आधी, आपलं नाव नंतर. 'स्वागत आहे' किंवा नुसतं 'होम' ही टायटलं नव्हेत. खालचं दोन ओळींचं वर्णन क्रम वाढवत नाही, पण क्लिक आणतं, तेव्हा त्यात पेटीचा आकार आणि पोचवण्याचे दिवस सांगा. मेटा कीवर्डवर, म्हणजे पानाच्या कोडमध्ये घालायच्या शब्दांच्या यादीवर, वेळ घालवू नका. क्रम लावताना आपण ते बघत नाही हे गुगलने २००९ सालीच जाहीर केलंय. तरीही कोटेशनमध्ये त्याची ओळ असतेच. तसंच 'एफएक्यू स्कीमा'चं, म्हणजे पानावरची प्रश्नोत्तरं गुगलला ओळखू देणाऱ्या कोडचं. निकालात प्रश्नोत्तरांची उघडझाप दिसायची ती सोय ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित साइटींपुरती उरली. पापडाच्या साइटला ती लावून देतो म्हणणारा माणूस जुन्या नोट्स वाचतोय.

पायरी ५ : देवनागरीचे घोळ

या भागाबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत काही सापडत नाही, आणि मराठी साइटी इथेच मार खातात.

पहिला घोळ फॉन्टचा. छपाईवाल्याकडून आलेला मजकूर अनेकदा जुन्या, युनिकोडपूर्व (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असतो. तो फॉन्ट लावला की डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. गुगलला तो मजकूर अगम्य बडबड वाटतो. ओळखायची रीत सोपी आहे. पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी राहिली तर ठीक, कचरा झाला तर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि नंतर डोळ्यांत तेल घालून तपासा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

दुसरा घोळ पोस्टरचा. आपल्याकडे सगळी माहिती एका रंगीत चित्रात कोंबायची सवय आहे. दर, पत्ता, फोन, वर गणपती. चित्रातल्या अक्षरांवर विसंबू नका. तीच माहिती पानावर मजकूर म्हणूनही लिहा, आणि चित्राला साधं वर्णन जोडा.

तिसरा पानाच्या पत्त्याचा. पत्ता देवनागरीत ठेवला तर गुगलला अडचण नाही, पण तो कॉपी करून पाठवला की प्रत्येक अक्षरचिन्हाची टक्क्यांसह नऊ चिन्हं होतात. 'आंबा' या शब्दाची ३६. व्हॉट्सॲपवर ती माळ बघून गिऱ्हाइकाला व्हायरस वाटतो. म्हणून पत्ता छोटा, रोमन अक्षरांत. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मला ते आवडतंही. पण ते जोडीला घ्या, मुख्य ठेवू नका.

चौथा घोळ म्हणजे लोक एकाच गोष्टीसाठी चार तऱ्हांनी शोधतात. हापूस, हापुस, तेच रोमन लिपीत, आणि अल्फॉन्सो. देवगडची इंग्रजी स्पेलिंगंही दोन आहेत, एक 'व्ही'ची आणि एक 'ओ'ची. गुगल यातलं बरंचसं जुळवून घेतं. तुम्ही मराठी पान शुद्ध मराठीत लिहा, इंग्रजी पान इंग्रजीत, दोघांचे पत्ते वेगळे ठेवा आणि 'एचरेफलँग' या खुणेने ती एकमेकांची भावंडं असल्याचं सांगा. एकाच पानावर परिच्छेदाआड भाषा बदलली की दोन्ही वाचक निसटतात.

पायरी ६ : वेग

थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२३ पासून गुगल तुमच्या पानाचं मोबाइलवरचं रूपच प्रमाण धरतं. 'पेजस्पीड इनसाइट्स'मध्ये पत्ता घाला. मुख्य चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा आणि पान लोड होताना मजकूर वरखाली उड्या मारू नये. ९० गुण आले काय आणि ९५ आले काय, रात्र जागवू नका. आमच्या साइटवर दोनच गुन्हेगार होते: फोनमधून थेट चढवलेले चार-चार एमबीचे फोटो आणि देवनागरीच्या पाच वेगवेगळ्या जाडीच्या फॉन्टफाइली. फोटो 'वेबपी' या हलक्या प्रकारात बदलून लहान केले, फॉन्टच्या दोनच जाड्या ठेवल्या. काम झालं.

पायरी ७ : नकाशावरची खूण

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर आणि शोधात दिसणारी धंद्याची नोंद, फुकट आहे, पण ते सगळ्यांना मिळत नाही. गिऱ्हाइकाशी समोरासमोर गाठ पडत असेल, म्हणजे लोक तुमच्याकडे येत असतील किंवा तुम्ही त्यांच्याकडे जात असाल, तरच ते काढता येतं. भावाच्या पॅकिंग शेडवर लोक पेट्या न्यायला येतात, म्हणून त्याला मिळालं. पडताळणीसाठी हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतलं काम, सगळं एका दमात. पाटी आधी लावून घ्या.

नावाच्या जागी पाटीवर आहे तेच नाव घाला. त्यापुढे 'बेस्ट हापूस पुणे मुंबई होलसेल' अशी शेपटी लावणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल बंद पडतात. पुण्यातल्या आतेबहिणीच्या फ्लॅटचा पत्ता देऊन दुसरं प्रोफाइल काढायचा मोह भावाला झाला होता; मी हात धरला. स्थानिक निकाल जुळणी, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर लागतात, तेव्हा देवगडचं प्रोफाइल कोथरूडच्या 'माझ्या जवळचे आंबे' शोधात येणार नाही, हे मान्य करून टाकायचं. पुण्याचं गिऱ्हाईक वेबसाइटच्या पानांनी आणावं लागतं. प्रोफाइलचा उपयोग तिथे वेगळा होतो. साइट सापडल्यावर माणूस नाव शोधून बघतो की ही बाग खरंच आहे का. मोसमात आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्या पानांनी पोळलेला माणूस तर नक्कीच. नकाशावर बाग, फोटो आणि लोकांचे रिव्ह्यू दिसले की तो पैसे पाठवतो.

नाव, पत्ता आणि फोन साइटवर, प्रोफाइलवर, फेसबुकवर आणि पेटीच्या लेबलवर एकच ठेवा. पावसाळ्यात प्रोफाइल काढून टाकू नका, 'तात्पुरतं बंद' करा.

पायरी ८ : रिव्ह्यू

रिव्ह्यू मागायला लाज वाटते, हा आपल्या माणसांचा मोठा अडसर. मागा. पण कधी मागायचे ते ठरवा. पेटी पोचल्याच्या दिवशी आंबे कच्चे असतात, गिऱ्हाईक चवीबद्दल काय लिहिणार? आम्ही पेटीत एक कार्ड ठेवतो. एका बाजूला अढी कशी घालायची ते, दुसऱ्या बाजूला रिव्ह्यूचा क्यूआर कोड. आणि आठेक दिवसांनी एक संदेश. मागणं सगळ्यांकडे सारखं. खूश दिसणाऱ्यांनाच लिंक पाठवायची आणि नाराजांना फोनवर गुंडाळायचं, हे गुगलच्या धोरणात बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा अर्धा डझन फळं देणंही बसत नाही.

विकत मिळणाऱ्या खोट्या रिव्ह्यूंबद्दल बोलताना लोक डोळा मारतात, म्हणून कायदा सांगतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी ऑनलाइन विक्रेत्याला स्वतः ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला बंदी केली आहे. त्याच नियमांत विक्रेत्याचं नाव-पत्ता, तक्रार निवारण अधिकारी, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिनाभरात, हेही आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे ऐच्छिक मानकही काढलं. कायदा बाजूला ठेवला तरी एका रात्रीत आलेले 'नाइस प्रॉडक्ट, फास्ट सर्व्हिस' छाप पंचवीस रिव्ह्यू, तेही ऑगस्टमध्ये, कुणाला खरे वाटतील?

वाईट रिव्ह्यू येणारच. भावाला पहिला एक तारा मिळाला त्या रात्री त्याने रागाने लिहिलेलं उत्तर मी सकाळी पुसायला लावलं. उत्तर तक्रार करणाऱ्याला नसतं, पुढे ते वाचणाऱ्या शंभर जणांना असतं. मग हे लिहिलं:

'नमस्कार. आपल्या पेटीत साका निघाला याचं वाईट वाटलं. तो बाहेरून कळत नाही, पण फळ आमचं, म्हणून जबाबदारीही आमची. जेवढी फळं खराब निघाली तेवढी पुढच्या गाडीने पाठवतो. पेटीवरचा क्रमांक तेवढा व्हॉट्सॲपवर कळवा.'

सबब नाही, 'आमच्याकडे असं कधी होत नाही' नाही, आणि गिऱ्हाइकाचा फोन किंवा पत्ता चारचौघांत टाकलेला नाही. रिव्ह्यू ज्याने कधी पेटीच घेतली नाही अशा माणसाचा असेल तर गुगलकडे तक्रार नोंदवा, आणि तोवर खाली शांतपणे लिहा की या नावाची नोंद आमच्याकडे सापडत नाही, ऑर्डर क्रमांक द्यावा. पलीकडच्या बागेवाल्याच्या प्रोफाइलवर जाऊन सूड उगवू नका. गाव लहान असतं.

महिन्यातून एकदा आपलं नाव आणि पुढे 'फसवणूक' किंवा 'रिव्ह्यू' टाकून शोधा. गिऱ्हाईक नेमकं तेच करतं.

पायरी ९ : शिफारस, पण विकतची नको

एजन्सीच्या बिलात 'डीए ५०+ च्या १०० बॅकलिंक' अशी ओळ होती. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटींनी आपल्याला दिलेली लिंक. डीए हा साइटच्या पतीबद्दल मॉझ नावाच्या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे. गुगल तो वापरत नाही. आणि त्या शंभर लिंका कुठून होत्या? रशियन फोरम, कूपनच्या साइटी, एक तर टाइल्सचा कारखाना. पैसे देऊन लिंक घेतली आणि तिला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही (हिला शिफारस धरू नका, असं गुगलला सांगणारी) खूण लावली नाही, तर ते गुगलच्या नियमांचं उल्लंघन आहे. मोठ्यांनाही यात सूट मिळालेली नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीच्या विकतच्या लिंका उघड केल्या आणि तिची पानं निकालांत धाडकन खाली गेली. गुगलने एप्रिल २०१२ मध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलानंतर तर अशा लिंकांवर जगणाऱ्या कितीतरी साइटी झोपल्या.

जुन्या कचरा लिंका दिसल्या म्हणून घाबरू नका. गुगल त्या बहुधा दुर्लक्षित करतं. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन' (गुगलच्या माणसांनी केलेली कारवाई) आलेली असेल, तरच त्या नाकारायचं साधन हाती घ्या.

खऱ्या लिंका कमी मिळतात आणि हळू मिळतात. बागायतदारांच्या सहकारी संस्थेच्या सभासद यादीत. आंबा महोत्सव भरवणाऱ्यांच्या स्टॉलयादीत. ज्या होमस्टेवाल्याचे पाहुणे बाग बघायला येतात त्याच्या साइटवर. एकदा एका पत्रकाराला मोहर उशिरा आल्याबद्दल माहिती हवी होती; भावाने तारखांसकट वही काढून दाखवली आणि बातमीत नाव-लिंक दोन्ही आलं. बागेची वही दरवर्षी साइटवर टाकायची कल्पना तिथूनच निघाली. पहिला मोहर कधी, अवकाळी कधी, तुडतुडे कधी, पहिली पेटी कधी. असली माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते, म्हणून लोक तिच्याकडे बोट दाखवतात. सप्टेंबर, ऑक्टोबरमध्ये बागेला फारसं काम नसतं, लिहायचं तेव्हा.

पायरी १० : हिशेब

गुगलच्याच सांगण्याप्रमाणे असल्या कामाचं फळ दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं. फेब्रुवारीत सुरू करून एप्रिलमध्ये ऑर्डर मागणाऱ्याची त्या वर्षी निराशा ठरलेली. गणपती झाले की हात घाला, मोहर फुटेपर्यंत पानं गुगलात असू द्या. 'पहिल्या क्रमांकाची हमी' देणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. ती हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः लिहून सांगतं.

सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स'मध्ये तीन गोष्टी बघतो. लोक कुठल्या शब्दांनी आले, कुठलं पान पुष्कळदा दिसतं पण क्लिक होत नाही (तिथे टायटल बदलायचं), आणि बागेचं नाव थेट टाकून शोधणारे किती. हा तिसरा आकडा माझा आवडता. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गुगल निकालांच्या वर यंत्राने लिहिलेलं उत्तर दाखवायला लागलंय, त्यामुळे 'आंबा कसा पिकवावा' सारख्या शोधातले काही क्लिक तिथेच जिरतात. नाव घालून शोधणारा मात्र तुमच्याकडेच येतो.

आणि एक बारीक गोष्ट, जी आम्ही एकदा हुकवली. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचे आकडे ठेवतं. जूनमध्ये बघितलं तर यंदाचा मार्च-मे आणि मागच्या वर्षीचा मार्च-मे शेजारी शेजारी दिसतात. निवांत दसऱ्याला बघू म्हणाल तर मागचा मोसम पुसला गेलेला असतो. तेव्हा शेवटची पेटी गाडीत चढली की त्याच आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, 'एक्स्पोर्ट' दाबून फाइल उतरवून ठेवा आणि तिच्या नावात साल घाला. साल घालायचं ते इथे, पानाच्या पत्त्यात नव्हे.